भुताच्या खेळातील कमाई

मे महिना लागला की आंजर्ल्याच्या घरोघरी मुंबई-पुण्याची नातवंडे येऊन उतरतात. पूर्वी हर्णैच्या बाजूने येणाऱ्यास खाडी तरीतून ओलांडावी लागे. आता पूल झाल्यामुळे गाडी थेट दारापर्यंत येते. मुले आली की कड्यावरच्या गणपतीची चढण होते, समुद्र होतो, आंबे-फणस होतात आणि रात्री जेवणे आटोपल्यावर पडवीत भुताच्या गोष्टी होतात. पिंपळावरचा मुंजा, खाडीतला गिऱ्हा, वाट चुकविणारा चकवा ही मंडळी आमच्या लहानपणी जितकी नेमाने येत, तितके पाहुणेही येत नसत.

अलीकडे या बैठकीचे रूप पालटले आहे. दोन नातवंडे पडवीत आपापली यंत्रे उघडून बसतात, तिसरे ठाण्याहून आणि चौथे पुण्याहून त्यांच्याशी बोलत असते, आणि चौघे मिळून एका ओसाड घरात भूत शोधीत हिंडतात. भुताच्या गोष्टीत आम्ही किंकाळ्या पुष्कळ ऐकल्या होत्या; परंतु या मुलांच्या तोंडून निराळीच वाक्ये आमच्या कानी पडू लागली. "या फेरीत किती मिळाले?" "मी मेलो, माझा कॅमेरा गेला." "आणखी दोन पायऱ्या चढलो की नवा थर्मामीटर घेता येईल." भूत आणि कमाई, भूत आणि बढती! हा व्यवहार आम्हांस नवा होता. म्हणून मुलांच्या शेजारी बसून, त्यांस शंका विचारून विचारून तो आम्ही समजून घेतला. जे समजले ते येथे सांगण्याचा विचार आहे; कारण मुले ज्या खेळात तासन्‌तास घालवितात, त्यात मोबदला कशाबद्दल मिळतो हे वडीलधाऱ्यांस ठाऊक असले पाहिजे.

या खेळाचे नाव 'फास्मोफोबिया'. ग्रीक भाषेतील 'भूत' आणि 'भीती' या दोन शब्दांपासून ते बनले आहे. कायनेटिक गेम्स या ब्रिटिश संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये तो बाजारात आणला. चार गड्यांपर्यंत तो एकत्र खेळता येतो. भुताला मारणे, बाटलीत भरणे किंवा मंत्राने बांधणे हे यातील काम नव्हे. भूत आहे हे खेळात गृहीतच धरलेले असते. ते कोणत्या जातीचे आहे हे पुराव्याने ठरवून जिवंत परत येणे, एवढेच काम. म्हणजे हे गडी मांत्रिक नव्हेत, पंचनामा करणारे आहेत.

पंचनाम्याची रीत अशी. घराबाहेर गड्यांची गाडी उभी असते. तीत निरनिराळी उपकरणे असतात. आत जाऊन प्रथम भुताची खोली शोधावयाची आणि मग पुरावे गोळा करावयाचे. पुरावे सात प्रकारचे आहेत: विद्युतचुंबकीय मापकाचा काटा पाचव्या अंकावर जाणे, खोलीचे तपमान गोठणबिंदूखाली उतरणे, अतिनील प्रकाशात बोटांचे ठसे दिसणे, उघड्या ठेवलेल्या वहीत लिखाण उमटणे, आवाजाच्या पेटीतून प्रश्नास उत्तर येणे, कॅमेऱ्यात तरंगते ठिपके दिसणे आणि प्रकाशबिंदूंच्या जाळीत आकृती उमटणे. प्रत्येक जातीचे भूत यांपैकी ठराविक तीन पुरावे देते.

आता थोडे गणित. सातांतून तीन निवडण्याचे प्रकार पस्तीस होतात. त्यांतील एक पुरावा सापडला की पंधरा उरतात आणि दुसरा सापडला की पाचच. २०२२ अखेर या खेळात भुतांच्या चोवीस जाती होत्या. समजा, मापक पाचावर गेला आणि खोलीही गोठली. तर त्या चोवीसांपैकी फक्त चार उरतात: अरबांचा जिन, जपानचा ओनी, शेड नावाची लाजरी छाया आणि जुळी भुते. पुढे बोटांचे ठसे मिळाले तर तो जिन, वहीत लिहिले तर शेड, पेटीतून उत्तर आले तर जुळी आणि जाळीत आकृती दिसली तर ओनी. शिवाय एक नकल्या आहे. तो आपले तीन पुरावे देऊन वर तरंगत्या ठिपक्यांचा चौथा खोटा पुरावा देतो. म्हणून तीन मिळताच उड्या मारणारा गडी पुष्कळदा फसतो. काठिण्य वाढविले की भुते आपले काही पुरावे लपवितात; कधी दोनच हाती लागतात, कधी एकच. मग बाकीचे भुताच्या वागणुकीवरून ओळखावे लागते.

आता कमाईकडे वळू. प्रत्येक घराची कामगिरी म्हणजे एक कंत्राट. भुताची जात बरोबर सांगितली की मुख्य मेहनताना मिळतो. त्याखेरीज तीन लहान कामे नेमून दिलेली असतात, त्यांचे पैसे वेगळे. भुताचे किंवा त्याने केलेल्या उपद्‌व्यापाचे छायाचित्र आणले, तर त्याचे पैसे. चलच्चित्राचे आणि २०२५ पासून ध्वनिमुद्रणाचेही पैसे. घरात कोठेतरी पडलेले हाड सापडले, तर त्याचे निराळे. सगळेच काम निर्दोष झाले, तर वर बक्षीस. या सर्वांस काठिण्याच्या मानाने गुणिले जाते. जितके काम अवघड तितका पट मोठा. जात चुकीची सांगितली, तर मुख्य मेहनताना बुडतो, मग गड्याने आत कितीही शौर्य गाजविलेले असो.

ही रक्कम चौघांत वाटली जात नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटली. आपल्या किनाऱ्यावर मासळीच्या होडीच्या मिळकतीचे वाटे पडतात: होडीचा, जाळ्याचा, तांडेलाचा, खलाशांचा. माणसे वाढली की ज्याचा त्याचा वाटा आक्रसतो. या खेळात तसे होत नाही. एकाने पुरावा आणला की चौघांचा निकाल सुधारतो आणि प्रत्येकास पुरता मोबदला मिळतो. त्यामुळे माहिती दडवून ठेवण्यात कोणाचाच लाभ नाही. जो बोलत नाही तो सर्वांचे नुकसान करतो. मात्र भूत पाठीस लागले असता जो बोलतो तो आपलाच जीव गमावतो, कारण जवळच्या भुतास गड्याचा आवाज ऐकू जातो! केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहावे, हे शिकविण्याची ही तऱ्हा काही वाईट नाही.

खर्चाची बाजूही आहे. बरोबर नेलेले सामान गड्याने स्वतःच्या पैशाने घेतलेले असते. तो आत मेला, तर त्याने खर्ची घातलेले सामान जाते आणि पुन्हा विकत घ्यावे लागते. शिवाय अंधारात राहिले की गड्याच्या मनाची स्थिरता उतरू लागते. ती शंभरातून मोजली जाते. सर्वांची सरासरी पन्नासाच्या खाली गेली की बहुतेक भुते शिकारीस निघू शकतात. यास्तव नवख्याने कमाई करावयाची तर चार नियम पाळावेत, असे आमच्या नातवाचे सांगणे आहे. पहिला, घर लहान निवडावे. दुसरा, एकदम सगळे सामान आत नेऊ नये, लागेल तसे न्यावे. तिसरा, शक्य तेथे दिवा लावून काम करावे. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे, जात निश्चित झाली आणि लहान कामे उरकली की एका जास्तीच्या फोटोच्या लोभाने आत थांबू नये. "आजोबा, मेलेले सगळे त्या शेवटच्या फोटोतच मेलेले असतात," हे त्याचे शब्द. शेअरबाजारात हात पोळलेले आमचे काही स्नेही हे वाक्य ऐकून गंभीर झाले.

राहिली बढती. प्रत्येक कंत्राटाबरोबर पैशाखेरीज अनुभवाचे गुण मिळतात आणि ते साठले की गडी एकेक पायरी चढतो. मुले तिला 'लेव्हल' म्हणतात. पायरी चढल्याने उपकरण मिळत नाही. ते विकत घेण्याचा अधिकार तेवढा मिळतो. पैसा आहे पण पायरी नाही, तर दुकान बंद. पायरी आहे पण पैसा नाही, तर दुकान उघडे आणि खिसा रिकामा. ऑगस्ट २०२३ मध्ये या व्यवस्थेची नव्याने मांडणी झाली आणि प्रत्येक उपकरणाच्या तीन प्रती झाल्या. पहिल्या प्रतीचा थर्मामीटर साधा काचेचा, हळू चालणारा; पुढच्या प्रतींचे त्याहून जलद. पहिला मापक काट्याचा, दुसरा दिव्यांचा, तिसरा आकडे दाखविणारा. जुन्या-नव्या सर्व उपकरणांनी उत्तर एकच मिळते. फरक पडतो तो वेळेचा आणि अंतराचा. कोणत्याही धंद्यातील हत्यारांची हीच गोष्ट आहे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, यात विशेष ते काय? जुनी भुते गेली, नवी आली. परंतु आमच्या मते विशेष आहे, आणि ते समजण्यासाठी आपल्याच भुतांकडे पाहिले पाहिजे.

भुतांच्या जाती लावणे हे कोकणास नवे नाही. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांचा १९०९ साली तेथील नाट्यगृहात वध झाला, यांनी लोकसमजुतींची माहिती गोळा करविली होती. तिच्या आधारे आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ साली कोकणचा भाग प्रसिद्ध केला. त्यातील पुष्कळशी माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठविली होती, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचे मास्तर बरेच होते. वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ अशी मोठी यादी त्यात आहे. कोणी पिंपळावर राहतो, कोणी पाण्यात. कोणी मुंज झालेला ब्रह्मचारी, कोणी बाळंतपणात गेलेली स्त्री. प्रत्येकाचे ठिकाण निराळे, खूण निराळी, उपाय निराळा. आजच्या मुलांच्या वहीतील कोष्टक आणि मास्तरांनी धाडलेली ती टिपणे शेजारी शेजारी ठेवली, तर नातेसंबंध सहज ध्यानात येईल.

मग भेद कोठे आहे? भेद आहे तो पैसे कशाबद्दल मिळतात यात. आपल्याकडे भूत कोणते हे जाणकार सांगे. ते बरोबर की चूक, हे तपासण्याची सोय नव्हती. गुण आला तर जाणकाराचा, न आला तर भूत जबर. मग कोंबड्याच्या जागी बकरा आणि एका फेरीच्या जागी तीन फेऱ्या. घरातील भीती जितकी मोठी, तितकी बिदागी मोठी. खेळात उलट आहे. तेथे निदान चुकले की मेहनताना बुडतो. भीती वाढली की कमाई वाढत नाही, उलट मनाची स्थिरता जाऊन जीव धोक्यात येतो. एका धंद्यात भयाचे पैसे, दुसऱ्यात ज्ञानाचे. आमच्या सांगण्याचे सार एवढेच आहे.

भयाचा धंदा किती घातक होतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. अंधश्रद्धेविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, छळणे, धूर देणे हे त्यान्वये गुन्हे असून त्यांस सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्याआधी पुष्कळ वर्षे, १९६३ साली, केरळात जन्मलेले आणि सिलोनात स्थायिक झालेले अब्राहम कोवूर यांनी फसवणुकीस वाव नसलेल्या परिस्थितीत चमत्कार करून दाखविणाऱ्यास एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. १९७८ साली ते निवर्तले, तोवर ते बक्षीस कोणी जिंकले नाही. पुराव्याच्या अटीवर पैसा ठेवला की भुतांचे जाणते पुढे येत नाहीत.

आता घरचाच एक अनुभव सांगतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आमच्या बाजूच्या वाड्या आडव्या केल्या. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नारळी-पोफळी एका दुपारी गेल्या, कौले उडाली, वीज कितीतरी दिवस नव्हती. पोफळीचे रोप लावून सुपारी हाती येण्यास पाच-सात वर्षे लागतात. तेव्हा त्या वेळी घरात हातउसने किती झाले असतील याची कल्पना यावी. अशा दिवसांत माणसाचे मन हळवे होते. आमच्या काकू, वय ऐंशीच्या घरात, वादळानंतर वाडीतील घरात एकट्याच राहत असत. दुसऱ्या वर्षी त्यांना रात्री माळ्यावर कोणीतरी चालल्याचा आवाज येऊ लागला. ठराविक वेळी, सावकाश, धप्‌ धप्‌. कोणा जाणत्याने सांगितले, "पडलेल्या माडांतला एक जागेवाल्याचा होता, त्याचा राग आहे." शांतीचा खर्च त्याने जो सांगितला, त्यात काकूंची नव्या रोपांसाठी बाजूस ठेवलेली सगळी पुंजी गेली असती. निम्मे पैसे त्यांनी देऊनही टाकले होते.

मे महिन्यात मुले आली, तेव्हा हे त्यांच्या कानी गेले. काकूंस कोणी हसले नाही, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. थोरल्याने एवढेच विचारले, "काकूआजी, पुरावे किती मिळाले?" खेळात जमिनीवर मीठ टाकून ठेवतात, त्यात पाऊल पडले की ठसा उमटतो. मुलांनी माळ्यावर चुलीतील राख चाळून पसरली. सकाळी राखेत पावले होती. ती पाहून काकूंनी देवापुढे दिवा लावला, आणि क्षणभर आमच्याही अंगावर काटा आला, हे कबूल केले पाहिजे. मुलांनी मात्र बोटे मोजली. पाच होती. मांजराच्या ठशात चारच बोटे उमटतात, तेव्हा मांजर गेले. दुसरा पुरावा माळ्याच्या कोपऱ्यात मिळाला: फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा. तिसरा घराबाहेर, छपरावर टेकलेल्या फणसाच्या फांदीवर नखांचे ओरखडे. तीन पुरावे जुळले आणि जात ठरली: कांडेचोर. ज्यास कोणी उदमांजर म्हणतात, तो फळे खाऊन राहणारा रात्रिंचर प्राणी. फांदी छाटली, वादळात निसटलेल्या पत्र्याची फट बुजविली आणि चालणे थांबले. दिलेले पैसे काही परत आले नाहीत; पण उरलेले निम्मे वाचले आणि त्यांची रोपे लागली. काकूंनी एका रोपास 'कांडेचोराचा माड' असे नाव ठेवले आहे.

यावरून मुलांस हा खेळ खुशाल खेळू द्यावा, असा सरसकट निर्णय आम्ही देत नाही. दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली ही की, खेळात भूत खरे आहे, आणि उपकरणेही तेथेच भुते दाखवितात. खऱ्या जगात विद्युतचुंबकीय मापक हलतो तो भिंतीतील विजेच्या तारेमुळे किंवा शेजारच्या यंत्रामुळे. इंग्लंडमधील व्हिक टँडी या अभियंत्यास आपल्या प्रयोगशाळेत करडी आकृती दिसल्याचा भास होई. शोध घेता एका पंख्यामुळे कानास ऐकू न येणारा, सेकंदास सुमारे एकोणीस कंपनांचा ध्वनी तेथे घुमतो असे त्यास आढळले. हा शोध १९९८ साली प्रसिद्ध झाला. खेळाची पद्धत घ्यावी, त्याची भुते तेथेच सोडावीत, हे मुलांस समजावून सांगणे आपले काम आहे. अगदी लहान मुलांस तर हा खेळ दाखवूच नये; रात्री ती दचकून उठतात.

दुसरी गोष्ट कमाईची. खेळातील पैशाने बाहेर पावशेर मीठही येत नाही. आणि ती कमाई टिकाऊ तरी आहे का? २०२३ च्या नव्या मांडणीच्या वेळी सर्व गड्यांच्या पायऱ्या आणि पैसे पुसले गेले; जुन्या खेळाडूस खूण म्हणून बिल्ला तेवढा मिळाला. इतकेच नव्हे, शंभराव्या पायरीस पोचलेला गडी आपण होऊन सारे सोडून पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊ शकतो आणि त्याबद्दलही त्यास बिल्लाच मिळतो. रात्री-रात्री जागून मिळविलेले धन असे एका दिवसात जाते. वादळात वाडी गेलेल्या माणसास हे ऐकून काय वाटेल? पण तो लगेच हेही सांगेल की, वाडी गेली तरी वाडी करण्याची विद्या जात नाही. खेळातही तेच. पायरी पुसली गेली, थर्मामीटर गेला. दोन पुराव्यांवरून निकाल देऊ नये, सोबत्यापासून माहिती दडवू नये आणि काम झाले की लोभाने थांबू नये, हे पुसले गेले नाही. तेव्हा मुलाने "मी चाळिसाव्या पायरीवर आहे" असे सांगितले, तर "वा!" म्हणून थांबू नये. "तेथवर जाताना काय शिकलास?" असे विचारावे. त्यास उत्तर देता आले तर तास फुकट गेले नाहीत. न आले तर यंत्र मिटवून त्यास वाडीत शिंपणे करावयास पाठवावे.

भुताच्या गोष्टींनी आमच्या पिढीस अंधारात जाण्याची भीती घातली. या पिढीचा खेळ त्यांस विजेरी, वही आणि सोबती घेऊन अंधारात जावयास सांगतो. गावातील एखाद्या घरी पुन्हा कोणाच्या माळ्यावर पावले वाजली, आणि शांतीसाठी गाठीचे पैसे सुटू लागले, तर थोडे थांबावे. घरातील मुलांस हाक मारावी आणि आधी राख पसरावी. राखेस पैसे पडत नाहीत.